कारण आणि मंजूर करणाऱ्याचं नाव

घाटकोपर, पंतनगर
१० नोव्हेंबर २०२४

चि. निलेश,

आशीर्वाद, आणि सोबत एक काम. इमेल म्हणजे पत्रच, असं तू गणपतीत म्हणाला होतास, म्हणून पत्रासारखंच लिहितो. उत्तरही लिहूनच दे. फोनवर मला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि स्पीकर लावला की आमच्या घरातले सगळे मंडळाचे सभासद होतात.

तुला माहीतच आहे, आपल्या वाघेरखोल ग्रामस्थ मंडळाची जत्रेची पत्रं सेक्रेटरी म्हणून दरवर्षी मी हाताने लिहितो. अडीचशेच्या वर घरं आहेत. हात आता थरथरतो. मागच्या वर्षी तुमच्या बोरिवलीच्याच एका गृहस्थाने मला विचारलं, की पाकिटावर नाव लिहिलंय की शाईत बुडालेली मुंगी चालून गेली आहे. परवाच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. अध्यक्ष अण्णा म्हणाले, आपला निलेश मरोळला कंपनीत असलीच कामं करतो, त्याच्या गळ्यात घाला. अण्णा म्हणाले म्हणजे ठराव झाला.

व्हॉट्सॲपवर टाका म्हणू नकोस. तारीख सगळ्यांना फोनवर कळतेच, पण पत्र घरात आल्याशिवाय ओटीचं सामान कोणी आणत नाही. आपल्याकडे ते पावणाईदेवीचं बोलावणं आहे. पत्राला कुंकू लावायचं आणि घरातल्या माणसाच्या हातात द्यायचं. क्रमही ठरलेला आहे. पहिलं पत्र देवीला, मग पाच मानकऱ्यांच्या घरी, मग बाकीच्यांना. आधीचं पोचल्याशिवाय पुढचं निघत नाही. एकदा मुलुंडला चुकून मानकऱ्यांच्या आधी पत्रं पोचली, तर त्या वर्षी जेवणाच्या पंगतीत दोन वाड्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या.

हे सगळं तुझ्या मशीनला समजावून सांगता येईल का, ते कळव.

तुझा
सहदेवकाका


बोरिवली पूर्व
१३ नोव्हेंबर २०२४

सहदेवकाका,

नमस्कार. मशीनला सांगता येईल. माणसांना सांगण्यापेक्षा सोपं आहे, ते मध्ये बोलत नाही.

ऑफिसात मी हेच करतो. एका ॲपमध्ये पत्राचा नमुना असतो, त्यात नाव-पत्ता आपोआप भरला जाऊन पत्र तयार होतं. दुसऱ्या ॲपमध्ये कामांची यादी असते, कोणी काय करायचं आणि झालं की नाही. माझं काम या दोघांना जोडून देण्याचं. पत्र तयार झालं, की ते पोचवायचं काम त्या त्या विभागाच्या माणसाच्या मोबाइलवर जाईल. त्याने पत्र दिलं की ‘झालं’ दाबायचं. मानकऱ्यांची पाचही ‘झालं’ दिसली की बाकीची पत्रं तयार होतील. तुम्ही फक्त कुंकू लावायचं.

मला एका तक्त्यात घरांची यादी हवी: नाव, पत्ता, विभाग, मान असेल तर कुठला, आणि मोबाइल नंबर. प्रत्येक ओळीला नंबर लागतोच, नाहीतर सिस्टिम पुढे सरकत नाही. तेव्हा देवीचा नंबर काय टाकू तेही सांगा.

पैशाबियशाचं बोलू नका. बाबा असते तर त्यांनी मला हे काम केल्याशिवाय जेवायला वाढलं नसतं.

तुमचा
निलेश


घाटकोपर
२० नोव्हेंबर २०२४

चि. निलेश,

यादी सोबत आहे. सुनेने टाइप केली, मी शेजारी बसून वाचून दाखवली. दोघांचंही डोकं उठलं, पण भांडण झालं नाही, हे तुझ्या मशीनचं पहिलं यश समज.

देवीच्या ओळीत गुरवाचा नंबर टाकला आहे. तो आता टच मोबाइल वापरतो.

यादी मी पूर्ण दिली आहे. वाघेरखोलची जेवढी घरं मुंबईत आहेत तेवढी सगळी. कमी-जास्त काही करू नकोस, आणि केलंस तर मला विचारून कर.

तुझा
सहदेवकाका


बोरिवली
२८ नोव्हेंबर २०२४

सहदेवकाका,

चाचणी घेतली आणि लगेच घोळ झाला. तो आधी सांगतो.

काम अडलं तर रोज सकाळी आठवण जावी, असं मी लावलं होतं. देवीचं पत्र गुरवाने गाभाऱ्यात ठेवलं, पण ‘झालं’ दाबायचं त्याला ठाऊक नव्हतं. मग रोज सकाळी त्याच्या मोबाइलवर जायला लागलं, ‘श्री पावणाई, आपलं काम प्रलंबित आहे.’ तो घाबरला. देवीला कोणी असं विचारतं का? शेवटी त्याने मोबाइल देवीच्या पायाशी ठेवला आणि बटण दाबू की नको यावर कौल लावला. उजवा कौल मिळाला, तेव्हा त्याने दाबलं. मी देवीच्या आठवणी आता बंद केल्या आहेत. माणसांच्या चालू आहेत. जत्रेच्या तारखेचा कौलही त्याच दिवशी झाला, माघातली तारीख मिळाली, ती मी पत्रात घातली आहे.

आता खरी गोष्ट. यादी कमिटीला दाखवली आणि दहा मिनिटांत अण्णांचा फोन आला. मानकऱ्यांमध्ये पहिलंच नाव शेवंतीकाकीचं आहे, ते काढ म्हणाले. ‘तिका पत्र जात नाय’, एवढंच. का ते विचारलं तर म्हणाले, जात नाही म्हणजे जात नाही, सहदेवला माहीत आहे.

काका, सासरच्या नात्याने ती माझी काकी, पण तुमची तर सख्खी धाकटी बहीण. तिला पत्र जात नाही हे मला माहीतच नव्हतं. हे काय आहे? काढायचं असेल तर मी तिच्या ओळीला एक साधी खूण करून देतो, ‘वगळा’. कोणाला दिसणारही नाही. पण तुम्ही सांगितल्याशिवाय करणार नाही.

बाकी, यादीतले अर्धे लोक अजून गिरणीच्या चाळीत राहतात असं तुमच्या पत्त्यांवरून वाटतं. फोन करून सगळे पत्ते दुरुस्त केले. शेवंतीकाकीचा वाकोल्याचा पत्ता तेवढा नव्या इमारतीचा आहे, विंग आणि मजल्यासकट. तो कोणी दिला?

निलेश


घाटकोपर
१ डिसेंबर २०२४

चि. निलेश,

तू लहान होतास, म्हणून सांगतो. जत्रेत देवीसमोर पहिला नारळ ठेवायचा मान शेवंतीच्या सासरच्या घराचा. तिचा नवरा गेला, मुलगा नाही, एकटी मुलगी श्रुतिका. पुढच्या जत्रेला शेवंती स्वतः नारळ घेऊन उभी राहिली. मंडळींनी सांगितलं, बाईने ठेवायचा नसतो, दिराच्या नाहीतर पुतण्याच्या हातात दे. ती म्हणाली, ‘घोव गेलो, घर खंय गेला?’ आणि नारळ ठेवून मोकळी झाली. देवळात कोणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी तिला पत्र गेलं नाही. त्यानंतर कधीच गेलं नाही. पत्र नाही म्हणजे तिच्या घरी कोणी जेवायला नाही, तिच्याकडच्या कार्याला कोणी नाही, तेही आलंच. तेव्हापासून पहिला नारळ दुसऱ्या मानकऱ्याच्या घरचा, म्हणजे अण्णांच्या.

याचा कुठे ठराव नाही. पत्रं लिहायला बसलो की अण्णा समोर बसायचे, तिचं नाव आलं की पुढचं नाव सांगायचे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. न दिसणारी खूण करू नकोस. कुठल्याही घराला वगळायचं असेल तर त्या ओळीला एक चौकोन कर. त्यात दोन गोष्टी भरल्याशिवाय घर वगळता येता कामा नये: वगळण्याचं कारण, आणि मंजूर करणाऱ्याचं नाव. कमिटीच्या मीटिंगनंतरही चौकोन रिकामा असेल तर पत्र निघेल. नाव भरलं तर ज्याचं नाव आहे त्याच्या मोबाइलवर विचारणा जावी आणि त्याने स्वतः हो म्हणावं. मी जन्मभर कंपनीच्या जावक खात्यात काढला आहे. कागद सहीशिवाय जाऊ नये, एवढंच मला कळतं.

बाकी या विषयात सेक्रेटरीला मत नसतं.

सहदेवकाका


बोरिवली
५ डिसेंबर २०२४

सहदेवकाका,

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

मी लहान होतो खरा, पण इतकाही नाही. आई हॉस्पिटलात होती तेव्हा शाळेतून सुटलो की मी वाकोल्याला शेवंतीकाकीकडे जायचो. ती मला जेवायला वाढायची आणि माझ्या आधी कधी जेवायची नाही. नंतर आम्ही तिच्याकडे जाणं का थांबवलं, ते मी घरी एकदाच विचारलं होतं. बाबा म्हणाले, गावचं आहे, तुला नाही कळणार. आता कळलं.

आणि तुम्ही मला काय सांगताय, तर चौकोन कर. कारण लिही, नाव लिही. आजवर निदान ते तोंडी होतं, उद्या कोणाला लाज वाटली असती तर सोडून देता आलं असतं. तुम्ही ते कागदावर पक्कं करताय, तेही सख्ख्या बहिणीच्या बाबतीत. अण्णांचं मला नवल वाटत नाही, त्यांना नारळ हवाय. तुमचं वाटलं.

चौकोन केला आहे. तुम्ही सांगितलंत अगदी तसा. शिवाय मानकऱ्यांचा क्रम राखायचा म्हणून काकीच्या ओळीचा निकाल लागल्याशिवाय मागच्या एकाही घराचं पत्र तयार होणार नाही. हेही तुम्हीच सांगितलेलं आहे. मला हे काम आवडलेलं नाही, हे मात्र लिहून ठेवतो.

निलेश


घाटकोपर
१५ डिसेंबर २०२४

चि. निलेश,

तुझं पत्र मिळालं. राग पोचला, तो ठेवून घेतला आहे. आधी मीटिंगचं सांगतो.

काल मुलुंडला अण्णांच्या घरी सगळी कमिटी जमली. अण्णांनी टीव्हीवर तुझी यादी लावली होती. शेवंतीची ओळ, तिच्यापुढे तुझा चौकोन, आणि मागे सगळं गाव थांबलेलं. अण्णा म्हणाले, चला, हे भरून टाका, पत्रं अडली आहेत.

मी विचारलं, कारण काय लिहू?

एकाने सांगितलं, ‘परंपरा’ लिहा. दुसऱ्याचा मुलगा वकिली करतो. तो म्हणाला, असं घराला तोडण्याविरुद्ध आता कायदा आहे, परंपरा लिहिलंत तर तेच पुराव्याला लागेल. मग ‘पत्ता सापडत नाही’ असं लिहायचं ठरलं. मी म्हटलं, पत्ता त्याच ओळीत छापलेला आहे, विंग आणि मजल्यासकट. मग ‘वैयक्तिक कारण’ असं निघालं. कोणाचं वैयक्तिक, हे विचारल्यावर सगळे चहा प्यायला लागले. शेवटी कारण राहू दे, आधी नाव भरू, असं अण्णाच म्हणाले.

तेव्हा खरी मजा झाली. खजिनदार म्हणाले, माझा संबंध हिशोबाशी. उपाध्यक्षांची सून सरकारी नोकरीत, त्यांचं नाव कुठे यायला नको. सुयोग वाकोल्याचा विभागप्रमुख, तो म्हणाला, मला त्याच गल्लीत राहायचं आहे. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, अध्यक्षाने नाव घालणं शोभत नाही, नारळाचा विषय असल्यामुळे लोक भलतंच बोलतील. एवढी वर्षं जे घर सगळ्यांनी मिळून वगळलं, ते वगळायला एक माणूस मिळेना. तासभर गेला. अण्णांच्या सूनबाईंनी दुसऱ्यांदा पोहे आणले, तेही संपले.

मग अण्णांना सुचलं. ते म्हणाले, सहदेवचं नाव घाला. सेक्रेटरी आहे, आणि भाऊही आहे, भावाने मंजूर केलं की बाहेरचा कोणी बोलणार नाही. सगळ्यांना ते एकदम पटलं. इतकं एकमत मी मंडळात कधी पाहिलं नव्हतं. कारणाच्या जागी ‘सेक्रेटरी सांगतील’ असं लिहिलं आणि मंजूर करणाऱ्याच्या जागी माझं नाव. असं होईल हे मला आधी सुचलंच नव्हतं.

विचारणा माझ्या मोबाइलवर आली आहे. खाली दोन बटणं आहेत, ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’. अजून कुठलंच दाबलेलं नाही. घरात सगळे विचारतात, एवढा वेळ मोबाइलकडे काय बघताय.

सहदेवकाका


बोरिवली
१६ डिसेंबर २०२४

सहदेवकाका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग तुमचं एक तारखेचं परत काढून वाचलं. मला एक विचारायचंय. कारण आणि नावाचा चौकोन तुम्ही मुद्दाम मागितलात का? कोणी नाव घालणार नाही, आणि चौकोन रिकामा राहिला की पत्र आपोआप निघेल, म्हणून? असं असेल तर पाच तारखेला मी जे लिहिलं ते परत घेतो. नसेल तरी परत घेतो, कारण मला ते लिहून बरं वाटलेलं नाही.

पण आता चौकोन रिकामा नाही. तुमचं नाव आहे. तेव्हा नीट सांगतो. ‘मंजूर’ दाबलंत तर काकीला वगळलं जाईल, तुमच्या नावावर, आणि ते कायम नोंदीत राहील. ‘नामंजूर’ दाबलंत तर तिचं पत्र तयार होईल. काहीच दाबलं नाहीत तर सगळ्या गावाची पत्रं थांबून राहतील आणि तुम्हाला रोज सकाळी आठवण येत राहील. ती मी बंद करू शकतो. देवीची केली होती.

नारळ काकीचा आणि बहीण तुमची. मी कोण सांगणार? पण माझं मत विचाराल तर मला ते पत्र गेलेलं बघायचंय.

अण्णांनी मला फोन केला होता. म्हणाले, सहदेवला जमत नसेल तर तूच आतून करून टाक, तुला येतं ना. मी सांगितलं की येत नाही. येतं, पण येत नाही सांगितलं.

तुमचा
निलेश


बोरिवली
२१ डिसेंबर २०२४

सहदेवकाका,

तुमचं उत्तर आलं नाही, पण सिस्टिमचं आलं. काल सकाळी उठलो तर शेवंतीकाकीच्या ओळीवर लिहिलेलं, ‘वगळणे: नामंजूर. सहदेव.’ मी गंधालीला उठवून दाखवलं. ती म्हणाली, यात उठवण्यासारखं काय आहे. आमचं लग्न झालं तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं, त्यामुळे तिला मग पहिल्यापासून सांगत बसलो.

पुढचं ऐका. काकीचं पत्र तयार झालं आणि ते पोचवायचं काम नियमाप्रमाणे वाकोल्याच्या विभागप्रमुखाकडे, सुयोगकडे गेलं. त्याने ‘जमणार नाही’ दाबलं. फोन केला तर म्हणाला, यार माझा काही विरोध नाही, पण पहिला मी कशाला जाऊ तिच्या दारात, अण्णा माझी वाट लावतील. जे काम कोणीच घेत नाही ते शेवटी सेक्रेटरीकडे जातं, असा नियम मी सुरुवातीलाच टाकला होता. तेव्हा मला वाटलं होतं, एखाद-दुसऱ्या बंद घराचं काम तुमच्याकडे येईल.

म्हणून आता ते तुमच्या नावावर आहे. छापील पत्र मी कुरिअरने घाटकोपरला पाठवलंय, कुंकू तुम्ही लावा. ते पोचेपर्यंत बाकीच्या मानकऱ्यांची आणि गावाची पत्रं अडलेली राहतील. लोकांचे फोन मला येतात, मी सिस्टिमवर ढकलतो.

तुम्हाला जड जात असेल तर मी जातो. मरोळहून वाकोला काही लांब नाही, ऑफिस सुटल्यावर देऊन येईन. खरंच, अवघड वाटून घेऊ नका. फक्त हो म्हणा, नियम बदलून काम माझ्या नावावर घेतो.

निलेश


घाटकोपर
२५ डिसेंबर २०२४

चि. निलेश,

नियम बदलू नकोस. काल मी जाऊन आलो.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, चौकोन मुद्दाम मागितला होता. मीटिंगमध्ये उभं राहून ‘माझ्या बहिणीला पत्र द्या’ म्हणायचं धैर्य मला होत नव्हतं, चौकोन मागण्याइतकं होतं. मला वाटलं, कोणी नाव घालणार नाही आणि पत्र गुपचूप निघून जाईल, मला काही करावं लागणार नाही. अण्णा माझं नाव घालतील हे डोक्यातही आलं नाही. ते पोचवायला मलाच जावं लागेल हे तर नाहीच. तू ते शेवटच्या माणसाकडे काम ढकलायचं कलम कशाला घातलंस, म्हणून दोन दिवस तुला मनात बोल लावत होतो.

घरून निघताना पत्राला कुंकू लावलं, रिक्षाने गेलो. इमारत चांगली आहे, लिफ्ट आहे. दार शेवंतीनेच उघडलं. केस सगळे पांढरे झाले आहेत. मी काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, त्यातलं एक वाक्य आठवेना. नुसतं पत्र पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. म्हणाली, ‘दादा, भायर कित्याक रवलंस? भुतूर ये.’ जणू मी गेल्याच आठवड्यात येऊन गेलो होतो. मला रडू आलं, तिला नाही.

आत बसल्यावर तिने हात धुऊन पत्र घेतलं. चष्मा लावून सगळं वाचलं, शेवटपर्यंत, तळाच्या बारीक ओळीसकट. तू ‘मानकरी, पहिला नारळ’ असं नावाखाली छापलं आहेस, तिथे बराच वेळ थांबली. मग देवापुढे नेऊन ठेवलं आणि मला विचारलं, हे कोणी पाठवलं. मी सांगितलं, मंडळाने. आता हाताने कोणी लिहीत नाही, मशीन काढतं, सगळ्यांचं निघालं तसं तुझंही निघालं. माझा त्यात काही हात नाही, असंच मला दाखवायचं होतं. का ते विचारू नकोस.

ती स्वयंपाकघरात जाता जाता वळली. म्हणाली, ‘आणि मशिनीक माझो पत्तो कोणी दिल्यान?’

तूही मला हेच विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नव्हतं. ती नव्या घरात गेली तेव्हा मी श्रुतिकाच्या ऑफिसात फोन करून पत्ता मागून घेतला होता. दर वर्षी पत्रं लिहायला बसायच्या आधी वहीत तो नीट लिहून ठेवायचो, विंग आणि मजल्यासकट. पत्र मात्र लिहीत नव्हतो. हे तिला कसं सांगणार? तिने परत विचारलं नाही. तिला कळलं असावं, कारण चहा आणला तेव्हा तिचेही डोळे ओले होते. मला आता साखर बंद आहे हे तिला माहीत नाही. तिला आठवतो तसा चहा तिने केला होता, दाट आणि गोड. मी सगळा प्यायलो.

निघताना तुझं ‘झालं’ दाबलं, तिच्यासमोर. बाकीची पत्रं सुटली असतील. अण्णांचा फोन रात्रीच आला. सेक्रेटरीपदाचं काय करायचं ते जत्रेनंतर बघू म्हणाले. बघू देत.

ती जत्रेला येणार आहे, श्रुतिकाला घेऊन. नारळ तीच ठेवणार. मी विचारलं, भीती नाही का वाटत, तर म्हणाली, तेव्हाही वाटली होती, बाजूला कोणी उभं नव्हतं म्हणून.

तेव्हा तुझ्या कामांच्या यादीत आणखी एक काम घाल. ‘शेवंती नारळ ठेवील तेव्हा तिच्या बाजूला उभं राहणे.’ नाव माझं लिही. हे काम दुसऱ्या कोणाकडे जाईल असं ठेवू नकोस. आणि आठवण बंद करू नकोस, जत्रेपर्यंत रोज सकाळी येऊ दे. मी विसरेन म्हणून नाही. मला अजून भीती वाटते म्हणून.

तुझा
सहदेवकाका